दोराला हात

वेंगुर्ल्यात समुद्र लगेच भेटत नाही. कुडाळ स्टेशनवरून निघालेली एसटी काजूच्या बागा, चिऱ्याचे गडगे आणि माडांचे मळे ओलांडत गावात शिरते तेव्हाही तो कुठे दिसत नाही. आधी लागतो बाजार. इथल्या मंडईलाही क्रॉफर्ड मार्केटच म्हणतात. तिथे आमसुलं, काजूगर, उकडे तांदूळ, सुक्या मिरच्या आणि त्या सगळ्यांवर तरंगणारा मासळीचा वास. मग बंदराचा रस्ता विचारावा लागतो. तो विचारला की सांगणारा माणूस रस्ता नंतर सांगतो, आधी तुमचं गाव विचारतो.

येणाऱ्या माणसाची या गावाला जुनी सवय आहे. सतराव्या शतकात गोव्याच्या पोर्तुगीजांना शह द्यायला डच इथे उतरले आणि त्यांनी वखार बांधली. तिच्या जांभ्याच्या भिंती आज पडझड होऊनही उभ्या आहेत, आत झाडं माजली आहेत. १८१२ मध्ये बंदर सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेलं. पुढे रेल्वे नव्हती, धड रस्ते नव्हते, त्या काळात मुंबईच्या बोटी इथे नांगर टाकायच्या आणि गिरणीतले चाकरमानी ट्रंका घेऊन या बंदरात उतरायचे. बंदरावर उभं राहिलं की हे सगळं डोळ्यांपुढे येतं, कारण बंदर आता मोकळं असतं आणि मोकळ्या जागेत गेलेली माणसं सहज आठवतात.

मी सोलापूरची. आमच्याकडे पाणी विहिरीच्या तळाशी वाकून बघायचं असतं. म्हणून असेल, समुद्रकाठच्या गावांची मला ओढ आहे, आणि तिथे मी एकटीच जाते. पर्यटनासाठी सजलेल्या किनाऱ्यांवर एकट्या माणसाचं काय होतं ते मला चांगलं माहीत आहे. खानावळीत त्याला कोपऱ्यातलं टेबल मिळतं, होडीवाला ‘अजून चार जण जमू द्या’ म्हणून थांबवतो, आणि तिथली संस्कृती त्याला तिकीट लावून, रात्री आठ ते नऊ दाखवली जाते. पैसे देणारा आणि सेवा पुरवणारा, एवढंच नातं. वेंगुर्ल्याला मला याहून वेगळं काही मिळालं. इथे मला वाटा मिळाला. पाहुणचार इतर ठिकाणीही मिळतो. वाटा ही त्याहून मोठी गोष्ट आहे, आणि तिच्यासाठी तुम्हाला कशाला तरी हात लावावा लागतो.

मी उतरले होते त्या घराला पुढे शेणाने सारवलेलं खळं होतं, मग पडवी, मग माजघर. घर एका काकींचं. मुलगे मुंबईला, सून तिथेच, त्यामुळे दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या. पाठीवरची बॅग खाली ठेवायच्या आत त्यांनी विचारलं, “एकटीच इलंस?” मग गाव कुठलं, घरी कोण, भाऊ किती, आई काय करते, लग्नाचं काय. शहरात हे प्रश्न ऐकून माणूस आखडतो. पण काकी उत्तरं ऐकून कुठलंही मत देत नव्हत्या. त्यांना मला कुठेतरी बसवायचं होतं, माणसांच्या त्या मोठ्या जाळ्यात एखाद्या गाठीला बांधायचं होतं. सुटं माणूस त्यांना अवघड वाटत होतं. संध्याकाळपर्यंत शेजारच्या तीन घरांना माझी माहिती पोचली होती आणि मी रस्त्याने जाताना एक आजी पडवीतूनच म्हणाली, “सोलापूरचां ना गो तू? तुमच्याकडे मासे गावतत?”

सकाळी नऊ-दहाला पेज. उकड्या तांदळाची, गरम, तांबूस, वर मीठ, सोबत खारातली मिरची आणि भाजलेला सुका बांगडा. हॉटेलच्या यादीत मालवणी जेवण म्हणून जे छापलेलं असतं त्यात पेज बहुधा नसते. पण या किनाऱ्याचं खरं अन्न तीच आहे. शेतावरचा, होडीवरचा, शाळेतला, आजारी, बाळंतीण, सगळ्यांना तीच चालते. काकी वाडगा पुढे करून उभ्या राहायच्या, आणि संपली की न विचारता पुन्हा ओतायच्या.

रापण मला पहाटे दिसली. किनाऱ्यावर अजून अंधुक होतं आणि वाळू पायाला थंड लागत होती. एक होडी जाळं सोडत समुद्रात लांबवर गेली होती आणि मोठा अर्धा वेढा घालून किनाऱ्याकडे परत येत होती. जाळ्याची दोन टोकं, दोन दोर, आणि प्रत्येक दोरावर किनाऱ्यावर माणसांची एक रांग. तरुण पोरं, सत्तरीचे म्हातारे, शाळेच्या गणवेशात दोन मुलं, कमरेला पदर खोचलेल्या बायका. सगळे मागे झुकून, टाचा वाळूत रुतवून, एका तालावर ओढत होते. कुणी एक सूर द्यायचा, बाकीचे त्यावर जोर लावायचे. दोर हातातून येऊन मागे वाळूत साचत जायचा. रांगेच्या शेवटच्या टोकाचा माणूस दोर सोडून चालत पुढे पाण्याजवळ जायचा आणि पुन्हा पहिला होऊन ओढायला लागायचा. असं ते चक्र. त्यात कुणी मुकादम नव्हता.

मी कॅमेरा काढला होता. रांगेतल्या एका बाईने मान वळवून पाहिलं आणि म्हणाली, “नुसती बघतंस काय? दोर धर!”

ओल्या नायलॉनच्या दोराला मीठ असतं, वाळू असते आणि समुद्राचं वजन असतं. पहिल्या काही मिनिटांत तळहात चुरचुरायला लागले. बाजूच्या म्हाताऱ्याने न बोलता माझी मूठ सोडवून बोटं कशी घ्यायची ते दाखवलं. हाताने ओढायचं नाही, पाठ मागे टाकायची आणि अंगाचं वजन दोराला द्यायचं. ते जमल्यावर एक विचित्र गोष्ट जाणवते. दोराच्या त्या टोकाला जे काही चाललेलं असतं ते हाताला कळायला लागतं. लाट आली की दोर सैल पडतो, ओसरली की खेचतो. मधेच एक बारीक थरथर येते. म्हातारा हळूच म्हणाला, “बांगडो आसा.” त्याला ते हातानेच कळलं होतं.

जवळजवळ दीड तासाने जाळ्याची मधली खोळ उथळ पाण्यात आली आणि किनाऱ्यावर एकदम कल्लोळ झाला. घारी खाली झेपावत होत्या, कुत्री धावत होती, पोरं पाण्यात शिरली. बांगडे, तारले, पेडवे, दोन-चार लेपे, एक लहान मोरी, पारदर्शक जेलीफिशचे गोळे, खेकडे. बांगड्याच्या पाठीवर हिरव्या-निळ्या रेघा असतात, त्या जिवंत असताना हलतात असं वाटतं आणि काही मिनिटांत विझतात. बाजारातला बांगडा मी अनेकदा पाहिला आहे. त्याच्या अंगावरचा हा रंग मी तिथेच पहिल्यांदा पाहिला. जाळ्यात कधी कासवही येतं, त्याला सोडवून पाण्यात परत ढकलतात. इथून जवळच वायंगणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं थंडीत अंडी घालायला येतात आणि गावकरी ती घरटी राखतात.

मग वाटे. रापण एकट्याची नसते. पुष्कळ घरांची जाळी जोडून ती होते, म्हणून आलेली मासळीही त्या घरांची. होडीचा भाग वेगळा, जाळ्याचा वेगळा, कष्टाचा वेगळा. त्याचे हिशेब तोंडी, वाळूत ढीग मांडून. आणि ज्याने दोराला हात लावला त्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, ही रीत. त्या बाईने ढिगातून पाच बांगडे उचलले, माझ्या ओढणीच्या टोकात टाकले आणि म्हणाली, “घे गो, तुझो वाटो.” मी पैशांसाठी खिशात हात घातला तेव्हा तिने पाहिलंच नाही, ती पुढच्या माणसाकडे वळली होती.

त्या दिवशीचं जेवण मी कधी विसरेन असं वाटत नाही. काकींनी बांगडे विळीवर साफ केले, ओल्या खोबऱ्याचं वाटण घातलं, आंबटाला आमसुलं, आणि कढीला उकळी येता येता मूठभर तिरफळं किंचित ठेचून टाकली. तिरफळाचं झाड काटेरी असतं, फळं मिऱ्याएवढी, वाळून तडकलेली. आतली काळी बी काढून टाकायची, नुसती टरफलं घ्यायची. त्याचा वास संत्र्याच्या सालीच्या जवळ जाणारा, आणि जिभेवर एक बारीक बधिरपणा ठेवणारा. काकी सांगत होत्या की हे तिरफळ बांगड्याला आणि तारलीला, सुरमईला नाही. तेलकट मासळीचा उग्रपणा तिरफळाने निवतो. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण इथल्या कुठल्याही स्वयंपाकघरात ते चुकत नाही.

रापणीचा तो म्हातारा दुपारी बंदराजवळच्या चहाच्या टपरीवर पुन्हा भेटला. गाबीत समाजातला, बापापासून समुद्रावर. मी मासळीबद्दल विचारलं तर तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “पयली मासे वढूक माणसां कमी पडत. आता माणसां आसत, मासे नाय.” समुद्रात पर्ससीनच्या मोठ्या यांत्रिक नौका बांगड्याचा, तारलीचा अख्खा थवा वेढून उचलतात, रात्री एलईडीचे झगझगीत दिवे पाण्यावर सोडून मासळी गोळा करतात. किनाऱ्यापर्यंत यायला मग काही उरत नाही. पारंपरिक मच्छीमारांनी याविरुद्ध वर्षानुवर्षं आंदोलनं केली. २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले, एलईडीच्या मासेमारीवर पुढे केंद्राने बंदी आणली. कागदावर ते आहे. किनाऱ्यावर उभं राहून रात्री क्षितिजाकडे बघितलं तर दिव्यांची ओळ दिसते, आणि गावातला कुणीही त्या ओळीकडे बोट दाखवून तुम्हाला सांगतो की ते काय आहे.

मला त्या दिव्यांचा राग आला आणि तो अजून आहे. रापण बुडाली तर मासे पकडायची एक पद्धत गेली, एवढंच होणार नाही. ज्या कामात म्हातारा, पोर, बाई आणि वाटेवरची परकी मुलगी एका दोरावर उभी राहू शकते, असं काम आपल्याकडे आता कुठे उरलं आहे? यंत्राच्या नौकेवर मला कुणी ‘दोर धर’ म्हणणार नाही. तिथे माझी गरजच नाही.

मांडवीच्या खाडीत बायकांचा एक बचत गट कांदळवनातून होडी फिरवतो. वल्हं मारणारी बाई माझ्याच वयाची होती. तिच्या आईने आणि आजीने याच खाडीत ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून कालवं काढली. ती कांदळाच्या मुळांकडे हात करून दाखवत होती. ही मुळं खोडापासून निघून चिखलात तिरकी उतरतात, झाड त्यांच्यावर उभं असतं. तिवराची मुळं मात्र चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात, श्वास घ्यायला. कांदळाचं बी झाडावरच रुजतं, लांब हिरव्या शेंगेसारखं लोंबतं आणि पिकलं की सरळ खाली चिखलात खोवलं जातं. पाण्यावर तरंगणारी एक शेंग तिने उचलून माझ्या हातात दिली आणि होडी चिखलाच्या काठाला लावली. “खोव थय.” मी खोवली. तिने ती हलवून पाहिली, जरा आत दाबली आणि पुन्हा वल्हं हातात घेतलं. पूर्वी या झाडांची सरपणासाठी तोड व्हायची. आता या बायका ती राखतात, कारण ती राहिली तर कालवं राहतील, मासळीची पिल्लं राहतील आणि आमच्यासारखे लोकही येतील.

वेंगुर्ल्याहून दक्षिणेला निघालं की रस्ता मोचेमाडच्या घाटीवर चढतो आणि खाली नदी समुद्राला मिळताना दिसते. पुढे आरवली, मग शिरोडा. या पट्ट्यात साहित्यही पीक घ्यावं तसं आलेलं आहे. १९२९ मध्ये मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्यात जन्मले, पुढच्याच वर्षी याच तालुक्यात चिं. त्र्यं. खानोलकर. जयवंत दळवी आरवलीचे. वि. स. खांडेकर १९२० साली शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत राहिले. त्याच शिरोड्याच्या मिठागरांवर मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. मिठागरांचे चौकोन आजही रस्त्यावरून दिसतात.

पण मला आरवलीत थांबायचं होतं ते वेतोबासाठी. वेतोबा हा गावाचा राखणदार. उंच, उभा, माणसासारखा. तो रात्री गावाच्या सीमेवरून फेरी मारतो अशी श्रद्धा आहे, म्हणून लोक त्याला नवसाने चामड्याच्या वहाणा वाहतात. देवळात त्या वहाणा मांडून ठेवलेल्या होत्या. माझ्या पायाच्या दुप्पट लांब, जाड तळ, पितळी ठोकळे, काही अगदी नव्या, चामड्याचा वास अजून येत असलेल्या. इथले लोक सांगतात की जुन्या वहाणांचे तळ झिजलेले सापडतात. सांगताना त्यांच्या आवाजात आश्चर्य नसतं. राखणदार चालणार, चालला की वहाणा झिजणार. इतकं चालणारा देव मी दुसरा पाहिलेला नाही, आणि चालून चालून माझे स्वतःचे तळपाय दुखत असताना त्याच्यापुढे उभं राहणं मला फार बरं वाटलं.

केळ्यांचा घड वाहायचा असतो. तो पुढे ठेवल्यावर गाऱ्हाणं घालणाऱ्याने माझं नाव विचारलं, गाव विचारलं, कुणाकडे उतरले तेही विचारलं. मग तो खड्या, लयदार आवाजात सुरू झाला. सोलापूरसून एक चेडू तुझ्या पायाकडे इला आसा, एकटा इला आसा, त्याच्या वाटेत काय वाकडां-तिकडां असात तर बाजूक कर, त्याच्या आवशी-बापाशीक सुखी ठेव. प्रत्येक थांब्यावर देवळात उभे असलेले सगळे एका आवाजात म्हणत होते, “व्हय म्हाराजा!” त्यांतल्या एकालाही मी ओळखत नव्हते. कुणी मुंबईहून सुट्टीला आलेलं, कुणी शेजारच्या वाडीतलं, एक हातात दुधाची किटली घेतलेला. मी देवभोळी नाही. पण माझ्या आईसाठी वीस-पंचवीस अनोळखी माणसांनी एका सुरात होकार भरला, तेव्हा डोळे भरून आले आणि ते पुसावेसे वाटले नाहीत.

जत्रांचा मोसम तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतो. एका रात्री काकी मला शेजारच्या गावच्या जत्रेला घेऊन गेल्या, दशावतार बघायला. इथल्या जुन्या दशावतारी कंपन्यांची नावं भोवतालच्या गावांचीच आहेत: वालावलकर, मोचेमाडकर, आरोलकर, खानोलकर, चेंदवणकर, पार्सेकर. देवळाच्या आवारात मांडव, मागे एक पडदा, पुढे लाकडी बाकडं. राजाचं सिंहासन तेच, रथ तोच, पर्वतही तोच. एका बाजूला पायपेटी, पखवाज, झांज. रंगपटात जाऊ दिलं त्यांनी मला. पेटाऱ्याच्या झाकणाला आरसा टेकवून राणी स्वतःच्या भुवया रेखत बसली होती. राणी म्हणजे चाळिशीचा एक शेतकरी, हाताला नांगराचे घट्टे. सगळी स्त्रीपात्रं पुरुषच करतात. त्याने काजळाची काडी ठेवली, बांगड्या चढवल्या, आणि मग बसण्याची पद्धतच बदलली. माझ्या डोळ्यांसमोर खांदे खाली आले, मान लांब झाली.

या नाटकांना लिहिलेली संहिता नसते. कथा रामायण-महाभारतातली किंवा पुराणातली. कोण कुणाची भूमिका करणार आणि प्रसंग कुठून कुठे जाणार हे आधी ठरतं, संवाद मात्र रंगमंचावर उभं राहूनच सुचायचे. म्हणून एकाच आख्यानाची दोन रात्रींची दोन रूपं होतात. एक जण वेदान्तात शिरला की दुसऱ्याला तिथेच उत्तर द्यावं लागतं, आणि गावकरी ते उत्तर तोलत बसलेले असतात. हार-जीत पुराणाने ठरवलेली असते. वादात कोण जिंकलं ते समोरचे लोक ठरवतात.

सुरुवातीला गणपती आला, रिद्धी-सिद्धी आल्या, आणि मग संकासूर, वेद पळवणारा. काळा पायघोळ वेष, डोक्यावरून तोंड झाकणारा काळा बुरखा, लोंबणारी लाल जीभ. तो एकटाच अस्सल मालवणीत बोलतो आणि कुणालाही सोडत नाही. सरपंचाला टोमणा मारून झाला, रस्त्यातले खड्डे झाले, आणि मग त्याची नजर बायकांमध्ये चटईवर बसलेल्या माझ्यावर आली. “ह्यां चेडू कोणाचां?” मी काही बोलायच्या आत काकींच्या बाजूच्या चार-पाच बायका एकदम ओरडल्या, “आमच्या घरचां!” संकासुराने कमरेवर हात ठेवले. “मगे जागां ठेवा तेका. झोपलां तर वेदांवांगडा तेकाय चोरून नेतलंय!” सगळं आवार हसलं. मी त्या रात्री एक क्षणही झोपले नाही.

उजाडता उजाडता दहीकाला झाला. हंडी फुटली, प्रसाद वाटला, माणसं पांगली. कंपनीची मंडळी पेटारे बांधत होती, कारण रात्री दुसऱ्या गावात दुसरी जत्रा. राणी लुंगी नेसून, डोळ्यांत अजून काजळ, हातात चहाचा ग्लास घेऊन चौथऱ्यावर बसली होती. मी शेजारी बसले. मला दरबारातला वाद फार आवडला होता. राणी राजाला धर्म विचारते आणि राजा निरुत्तर होतो. मी तसं सांगितलं. तो खूश झाला नाही. भुवया गोळा करून विचारात पडला. थोड्या अंतरावर राजा मुकुट कापडात गुंडाळत होता, त्याच्याकडे मान करून तो म्हणाला, “नाय गो. अर्ध्यारच इसारलो मी, म्हणून तो सुटलो. आज रातीक मी राजाक इतक्या लवकर सोडूचंय नाय.” राजाने ऐकलं आणि तिथूनच उत्तर दिलं. दोघांचा वाद पुन्हा सुरू झाला, आणि टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता तरी कुणी उठेना.